काळ्या पाण्यावरची काशीबाई

गेल्या वीकांताला टीममधल्या तिघांना घेऊन घरी गेलो होतो. शुक्रवारी रात्री हिंजवडीहून निघालो, आंबा घाटात सगळ्यांना झोपेतून उठवून गरम चहा पाजला, आणि उजाडता उजाडता रत्नागिरी. आता रत्नागिरी दाखवायची म्हणजे आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. भगवती किल्ला, भाट्याचा किनारा, थिबा पॅलेस, तुरुंगातली सावरकरांची कोठडी, पतितपावन मंदिर आणि शेवटी थिबा पॉइंटवरून सूर्यास्त. मध्ये कुठेतरी सुरमई आणि सोलकढी. आणि सोबत प्रत्येक रत्नागिरीकराचा पाठ असलेला डायलॉग: "इंग्रजांनी मंडालेचा राजा रत्नागिरीत आणून ठेवला आणि रत्नागिरीचा टिळक मंडालेला नेऊन ठेवला!" पाहुणे हमखास खूश होतात. तेही झाले.

कोठडी बघून बाहेर पडताना मी माझं नेहमीचं चालू केलं. १९११ मध्ये सावरकर ठाण्याच्या तुरुंगातून मद्रासला, तिथून 'महाराजा' बोटीने अंदमानला, दहा वर्षांनी १९२१ मध्ये परत आणून रत्नागिरीच्या तुरुंगात, वगैरे. त्यावर आमची नागपूरकरीण सहज म्हणाली, "काळ्या पाण्यावर बायकांना पण पाठवायचे का रे?"

मी गप्प. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. 'माझी जन्मठेप' शाळेत असताना वाचलेलं, सेल्युलर जेलचे फोटो हजार वेळा बघितलेले, आणि त्या सगळ्या चित्रात एकही बाई नाही. रात्री जेवताना तोच प्रश्न आजीसमोर टाकला. आजी भात वाढता वाढता म्हणाली, "बायकांना कशाला हवं होतं काळं पाणी? परसात विहीर होतीच की." आणि आमटी आणायला आत गेली.

पुण्याला परत आल्यावर मी हा विषय जरा खणला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. आजी काय बोलून गेली तेही त्यातच कळलं.

तर उत्तर: हो, पाठवायचे. अंदमानच्या आधीही पाठवायचे. मुंबई आणि बंगाल इलाख्यातले कैदी १८१५ पासून १८३७ पर्यंत मॉरिशसला जात होते, एकूण सुमारे दीड हजार. तिथले रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये डार्विन बीगल जहाजातून पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने हे हिंदुस्थानी कैदी पाहिले आणि त्यांच्याबद्दल बऱ्यापैकी आदराने लिहिलं. (पुढे रत्नागिरी जिल्ह्यातूनच हजारो माणसं मजूर म्हणून मॉरिशसला गेली, तिथे आजही मराठी घरं आहेत. ती कथा वेगळी, पुन्हा कधीतरी.) पेनांग, मलाक्का, सिंगापूर इथेही मुंबईहून कैदी जात. या सगळ्यात बायका होत्या, पण अगदी थोड्या. १८५७ नंतर सरकारला एकदम मोठी जागा हवी झाली. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला, आणि तिथून पुढे 'काळं पाणी' म्हणजे अंदमान हे समीकरण पक्कं झालं.

आणि सेल्युलर जेल? ती बांधायला सुरुवात झाली १८९६ मध्ये आणि पुरी झाली १९०६ मध्ये. म्हणजे आपल्या डोक्यातलं काळं पाणी सुरू होतं तेव्हा खऱ्या काळ्या पाण्याला जवळजवळ पन्नास वर्षं होऊन गेली होती. बायका त्या कोठड्यांत नव्हत्याच. त्यांचा तुरुंग निराळा होता, पोर्ट ब्लेअरमध्येच साउथ पॉइंटला. म्हणून त्या फोटोत दिसत नाहीत.

बरं, या बायका कोण? दरोडेखोर? बंडखोर? काही असतीलही. पण अंदमानात गेलेल्या बायकांत मोठा भरणा खुनाची शिक्षा झालेल्यांचा होता, आणि खून कोणाचा, तर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा स्वतःच्या तान्ह्या मुलाचा. हे वाचून मी जरा थबकलो. मग एक नाव सापडलं आणि तिथेच अडकलो.

काशीबाई.

जोतीराव फुल्यांचे एक मित्र होते, सदाशिव बल्लाळ गोवंडे. इनाम कमिशनमध्ये नोकरीला. त्यांच्या पुण्यातल्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. दिसायला चांगली, चांगल्या घरची, वागायला नीट. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. तिने बरेच दिवस दाद दिली नाही, शेवटी फसली. दिवस राहिले. शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून गर्भ पाडायची औषधं घेऊन झाली, उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने तो स्वतःच्या हाताने मारला आणि प्रेत मालकांच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला पकडलं. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि शिक्षा झाली, जन्मठेप काळं पाणी.

हे सगळं जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, इंग्रजीत. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून देशभर मतं मागवली, तेव्हा जोतीरावांनी पाठवलेल्या उत्तरात ही हकीकत आहे. तोपर्यंत घटनेला वीसएक वर्षं झाली होती. खटला १८६३ चा धरतात.

विहीर वाचली आणि मला आजी आठवली. मुलासाठी विहीर, नाहीतर स्वतःसाठी विहीर. काशीबाईचं दुर्दैव असं की ती पकडली गेली.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट सांगतो, कारण मला ती फार लागली. इंडियन पीनल कोड १८६० मध्ये झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. म्हणजे काशीबाईचा खटला या कोऱ्या करकरीत कायद्याखालचा. कलम ३०२, खून: फाशी किंवा जन्मभर काळं पाणी. तिसरा पर्यायच नाही. न्यायाधीशाला दया आली तरी फार तर फाशीऐवजी काळं पाणी देता यायचं. आता त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये काय होतं? तिथेही अशा मुली होत्या, मोलकरणी, स्वयंपाकिणी, तिथेही शेजारी शास्त्रीबुवांची विलायती आवृत्ती होती. पण तिथली ज्यूरी बहुधा खुनाचा आरोप सिद्ध धरायची नाही. 'जन्म लपवला' एवढ्या गुन्ह्यावर भागवायची, आणि त्याला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. गंमत म्हणजे (गंमत कसली) आपल्या पीनल कोडातही तसंच कलम होतं, ३१८, शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत. पण काशीबाईला लागलं ३०२. एक कलम इकडचं तिकडे झालं की दोन वर्षांऐवजी समुद्रापार अख्खं आयुष्य.

जोतीरावांची काशीबाईची हकीकत शिक्षेपाशी थांबते. पण अशी शिक्षा झालेल्या बाईचं तिकडे काय व्हायचं, हे सरकारी नियमांवरून बरंचसं कळतं.

समुद्र ओलांडला की जात गेली, हे एक. पुरुष कैद्याला याचं जेवढं भय होतं तेवढंच बाईलाही. पण काशीबाईसारखीची जात तिकडे जायच्या आधीच गेलेली होती, त्यामुळे समुद्राने तिचं अजून काय नेलं असेल कोण जाणे. तिकडे पोचल्यावर बायकांच्या तुरुंगात. काम म्हणजे विणणं, शिवणं; वसाहतीतल्या कैद्यांचे कपडे तिथेच तयार व्हायचे. वागणूक चांगली असेल तर वरच्या वर्गात बढती, पुरुषांसारखंच त्यांच्यातूनही मुकादम नेमायचे. आमच्याकडच्या अप्रेझलसारखंच, फक्त सायकल पाच वर्षांची.

पाच वर्षं हा आकडा महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे नियम असे होते: तुरुंगातून बाहेर पडायचे बाईला दोनच रस्ते. परवानगीने कुणाच्या घरी नोकरी, नाहीतर लग्न. आणि दोन्हीसाठी पाच वर्षं पूर्ण झालेली हवीत. लग्न न करणारीला वीस वर्षं तिथे काढावी लागायची. लग्न केलं तर पंधरा वर्षांनंतर नवऱ्याबरोबर सुटका होऊ शकत असे, पण नवऱ्याचीही मुदत भरलेली हवी. पुरुष कैद्याला दहा वर्षं झाली की तिकीट मिळायचं, म्हणजे शेतीचा तुकडा घेऊन स्वतःचं स्वतः कमवायचं आणि गावाहून बायको बोलावायची किंवा इथे लग्न करायचं. गावाहून बायका फारशा यायच्या नाहीत. कशाला येतील?

मग लग्न कसं ठरायचं? तुरुंगात लग्नाला तयार असलेल्या बायका ओळीने उभ्या राहायच्या आणि तिकीटवाले पुरुष येऊन बघून जायचे. पसंती झाली, बाई हो म्हणाली, की अर्ज, चौकशी, साहेबाची सही, नोंद. बाईला नाही म्हणायचा हक्क होता, हे मुद्दाम सांगायला हवं. पोर्ट ब्लेअरमध्ये आजही 'शादीपूर' नावाची वस्ती आहे. त्या नावाशी याच लग्नांची आठवण जोडलेली आहे. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. शादीपूरचं तेच आहे.)

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी प्रतिक्रिया 'काय भयंकर' अशीच होती. आजही आहे. माणसं ओळीत उभी करून निवडायची म्हणजे गुरांचा बाजारच. शिवाय सरकारचा हेतू काही बायकांचं भलं करणं हा नव्हता. हजारो पुरुष कैदी एका बेटावर, ते बिथरू नयेत, शेती करावी, पोरंबाळं व्हावीत, वसाहत टिकावी, त्यासाठी बायका हव्या होत्या. बायका म्हणजे थोडक्यात इन्फ्रास्ट्रक्चर. आणि त्या इतक्या थोड्या की त्यांच्यावरून भांडणं, मारामाऱ्या, संशय, हे सगळं आलंच.

पण मग दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये वेगळाच विचार आला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. पुण्यात काशीबाईसारखीला काय पर्याय होते? विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, कागदावर ती लग्न करू शकत होती. प्रत्यक्षात? याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. कायदा होऊन सदतीस वर्षं झाल्यावर, १८९३ मध्ये, त्यांनी देवरुखच्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तर मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुरुष, शिकलेला, कॉलेजात प्रोफेसर, त्याची ही गत. तर एका स्वयंपाकीण बाईला पुण्यात कोण विचारतो! म्हणजे जिला स्वतःच्या गावात जन्मभर दुसरं लग्न अशक्य होतं, दिवस राहिले म्हणून जिला मूल मारावं लागलं, तिलाच सरकार समुद्रापार नेऊन सांगत होतं की बाई, लग्न कर, मूल होऊ दे. तेही खुनी म्हणून शिक्षा दिल्यावर. आणि तिकडे झालेल्या मुलांना कोणी विहिरीत टाकत नव्हतं. ती 'लोकल बॉर्न' म्हणून वाढली. कोणाचा बाप कुठल्या जातीचा, आई कुठल्या मुलखातली. घरात सगळे हिंदुस्तानी बोलायचे. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत.

यात मी इंग्रजांची बाजू घेतोय असं नाही. मला तुलनेचाच राग येतो. एका कैद्यांच्या बेटावर जे होऊ शकलं ते पुण्यात होऊ शकत नव्हतं.

म्हणजे होऊ शकत होतं, एका घरात. काशीबाईचा खटला संपल्याबरोबर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी गोवंड्यांच्या मदतीने स्वतःच्या वाड्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नुसतं काढून बसले नाहीत. छापील जाहिराती ब्राह्मणवस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर भिंतींना चिकटवल्या. मतलब असा, की इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं तुमच्या मर्जीवर. विचार करा, १८६३ चं पुणं, आणि सकाळी उठून बघताय तर भिंतीवर हे. किती जणांनी वाचून नाक मुरडलं असेल आणि किती जणींनी मान खाली घालून, न वाचल्यासारखं करून, पत्ता पाठ केला असेल.

१८८४ च्या त्या उत्तरात जोतीराव हिशेबही देतात. तोवर ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या. त्या मुलांपैकी ५ जगली, ३० दगावली. का? तर येण्याआधी त्या बायकांनी गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे. म्हणजे घर उघडं होतं, जाहिरात लागली होती, तरी बाई आधी औषध घेऊन बघत होती आणि मग येत होती. पुढे १८७५ मध्ये पंढरपूरलाही असं गृह निघालं, कारण तिथे तर यात्रेच्या निमित्ताने आणून विधवा मुली सोडून द्यायची सोयच होती.

आणि हा योगायोग बघा. १८७४ मध्ये जोतीरावांकडे अजून एक काशीबाई आली. हीसुद्धा ब्राह्मण विधवा, हिलाही दिवस गेलेले, जीव द्यायला निघालेली. जोतीरावांनी तिला अडवून घरी आणलं. तिचा मुलगा फुले दाम्पत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करताना गेल्या. नाव तेच, शहर तेच, संकट तेच, मध्ये फक्त अकरा वर्षं आणि एक उघडा दरवाजा.

बाकीच्यांसाठी मात्र काही बदललं नव्हतं. १८८१ मध्ये सुरतेजवळच्या ओलपाडची विजयालक्ष्मी, पुन्हा ब्राह्मण विधवा, पुन्हा तेच. सुरतेच्या कोर्टाने फाशी सुनावली. मुंबई हायकोर्टाने ती काळ्या पाण्यावर आणली आणि पुढे शिक्षा आणखी कमी होऊन पाच वर्षांवर आली. तोवर वर्तमानपत्रांना मात्र चघळायला विषय मिळाला होता. 'पुणे वैभव'ने एकूण बायकांच्या अनीतीवर झोड उठवली. ते वाचून बुलढाण्याच्या एका बाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी १८८२ मध्ये एक छोटं पुस्तक छापलं. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना'. आपण ते आज स्त्रीवादाचा पहिला वगैरे ग्रंथ म्हणून ओळखतो (तेही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं म्हणून), पण ते निघालं एका काळ्या पाण्याच्या खटल्यातून हे मला माहीत नव्हतं. ताराबाईंचा मुद्दा साधा आहे: या गुन्ह्यात दुसरा माणूस होता, तो कुठे गेला?

आता परत रत्नागिरीला येतो, कारण थिबा पॅलेसबद्दल मी पाहुण्यांना नेहमी अर्धंच सांगतो हे लक्षात आलं. 'थिबा राजा' म्हणतो आपण, पण एप्रिल १८८६ मध्ये मद्रासहून बोटीने रत्नागिरीला आणलेल्या त्या कुटुंबात राणी सुपयालत होती, तिची धाकटी बहीण म्हणजे दुसरी राणी होती, तीन लहान मुली होत्या, त्यातली एक तर मद्रासला महिनाभरापूर्वी जन्मलेली. चौथी इथेच झाली. त्यांच्यावर कुठला खटला चालला नव्हता, पण समुद्रापार आणून कैदेत ठेवलेल्या बायकाच त्या. आपल्या बायका तिकडे, त्यांच्या बायका इकडे.

थोरली राजकन्या आली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. इथेच वाढली, इथेच तिचं लग्नाचं वय उलटून गेलं, कारण तोलामोलाचा बर्मी राजपुत्र रत्नागिरीत आणायचा कुठून? दरवाजावर गोपाळ सावंत नावाचा माणूस नोकरीला होता, बायकामुलं असलेला. १९०६ मध्ये राजकन्येला त्याच्यापासून मुलगी झाली. लग्नावाचून. सरकार हादरलं, राजाराणी संतापले. पण मूल जगलं. तिचं नाव टूटू. थिबा १९१६ मध्ये वारला, १९१९ मध्ये सरकारने बाकीच्यांना ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं, आणि थोरली राजकन्या वर्षभरात स्वतःहून रत्नागिरीला परत आली. ज्या गावात कैदी म्हणून आणलं होतं त्याच गावात, गोपाळच्या आसऱ्याला. १९४७ मध्ये इथेच गेली, हलाखीत. टूटू इथेच मराठी बाई म्हणून जगली, कागदाची फुलं करून विकायची. २००० मध्ये गेली. आजीने तिला बाजारात कितीदा तरी पाहिलेलं. "राजाची नात," एवढंच म्हणते.

मी हे गोड करून सांगत नाहीये. राजकन्येच्या वाट्याला काय सुख आलं ते दिसतंच आहे. पण टूटू चौऱ्याण्णव वर्षं जगली.

एक शेवटची तांत्रिक नोंद, सवयीने. 'काळं पाणी' ही शिक्षा पीनल कोडातून गेली १९५५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९५६ पासून. कशी? जिथे जिथे काळ्या पाण्याचा शब्द होता तिथे तिथे 'आजन्म कारावास' घातला. चक्क फाइंड अँड रिप्लेस. अंदमानला कैदी पाठवणं त्याच्या आधीच बंद पडलं होतं, कायद्यातला शब्द तेवढा राहून गेला होता.

हे सगळं लिहून झाल्यावर नागपूरकरणीला पाठवलं. तिने लंच ब्रेकमध्ये वाचलं आणि विचारलं, "शास्त्रीबुवांचं नाव काय होतं?"

मी पुन्हा जाऊन जोतीरावांचा तो मजकूर वाचला. काशीबाईचं नाव आहे. गोवंड्यांचं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट. शास्त्रीबुवांचं नाही.